गोलच्या मागे

"तुमच्या पोरीनं टीम सोडली म्हणे," शेजारची नर्स जिन्यात म्हणाली. "तुम्हाला ठाऊक असेलच, भाऊजी."

काचवाल्याला ठाऊक नव्हतं. हातात आरशाचा तुकडा होता, तो त्याने भिंतीला टेकवून ठेवला. "असेल काहीतरी," तो म्हणाला आणि वर न जाता तसाच मैदानाकडे निघाला.

नर्सच्या बोलण्यावर त्याचा विश्वास नव्हता. तिच्या पोटात दुखणारच. तिची पोरगी एवढीशी. सगळे तिला लवंगी म्हणत. वयाने काचवाल्याच्या पोरीएवढीच, पण तिच्या काखेखालून सहज निघून जाईल अशी. दोघी एकाच मैदानावर फुटबॉलला जायच्या. टीममध्ये मात्र एकटी काचवाल्याची पोरगी होती. सर निवड करताना चेंडू बाजूलाच ठेवायचे. दोन पोरींना समोरासमोर उभं करायचे आणि खांद्याने ढकलायला सांगायचे. उभी राहील ती टीममध्ये. पडेल ती गोलच्या मागे. "चेंडू शिकवता येतो, उंची शिकवता येत नाही," असं ते म्हणायचे. चेंडू मात्र त्यांनी अजून कुणाला शिकवला नव्हता.

काचवाल्याला सरांचं पटायचं. त्याची बायको उंच होती. लग्नात मित्रांनी थट्टा केली होती, "शिडीच आणलीस की, आता भाड्याने आणायला नको." ती गेल्याला वर्ष झालं होतं. तिच्यातलं जे उरलं ते पोरीच्या उंचीत उरलं, असं तो धरून चालला होता. आणि त्या उंचीला पहिल्यांदाच कुणीतरी मान देत होतं.

मॅच असली की तो तारेच्या कुंपणाशी एकटा उभा राहायचा. थोडं पलीकडे नर्स आणि तिचा नवरा. लवंगी खेळायची नाही, बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायची, तरी दोघं यायची. नवरा उन्हाच्या बाजूला छत्री धरायचा. नर्स ओरडायची. मध्येच एका बाटलीतलं पाणी दोघं प्यायची. काचवाला तिकडे बघायचा नाही, पण त्याला सगळं दिसायचं. मग त्याची पोरगी समोरच्या एखादीला धक्का मारून आडवी करायची आणि त्याला बरं वाटायचं. जळा म्हणावं. तुमच्याकडे नाही असं एवढं एक तरी माझ्याकडे आहे.

मैदानावर सर त्याला पाहून पुढे आले. "बरं झालं आलात. रविवारी फायनल आहे, आणि ही रुसून बसलीय. समजवा तिला. अशी उंची मला परत मिळायची नाही."

"आहे कुठे?"

"तिकडे, चिल्लरमध्ये."

गोलच्या मागे छोट्या पोरींचा घोळका होता. त्या गप्प बसाव्यात म्हणून सरांनी त्यांना एक जुना चेंडू देऊन टाकला होता. मधोमध त्याची पोरगी, बगळ्यासारखी एका पायावर. लवंगी कमरेवर हात ठेवून तिला झापत होती.

"अगं उंटाच्या पिल्ला, तळवा चेंडूवर ठेव. मागे ओढ. आता वळ. अख्खी वळ, नुसती मान नको!"

पोरगी वळली, स्वतःच्याच पायात अडकली आणि धपकन पडली. सगळ्या खिदळल्या.

काचवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली. "ऊठ," तो म्हणाला. "तुझी जागा तिकडे आहे. हिच्याकडून काय शिकतेस? ही उभ्या जन्मात टीममध्ये यायची नाही."

लवंगीचं तोंड उतरलं. "मी कुठे शिकवतेय, काका? काकूंनी मला दिलं, ते मी तिला देतेय."

"कोण काकू?"

"आई," त्याची पोरगी खालूनच म्हणाली. "हिच्या आईची दुपारची ड्यूटी असली की ही आपल्याकडे असायची ना? हिची शाळा सकाळची, माझी दुपारची. तुम्ही दुकानात, मी शाळेत. तेव्हा आई मागच्या अंगणात हिच्याशी खेळायची. मी यायचे तोवर दोघी घामाघूम. मला म्हणायची, तुला सुट्टीत शिकवीन."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? मला हिचा राग यायचा. अजून येतो. पण आईचं ते हिच्याकडेच आहे, बाबा."

"हे बघ, असं," लवंगी तिला म्हणाली आणि वळली.

काचवाला जागीच थांबला. अरुंद स्वयंपाकघरात गरम पातेलं हातात घेऊन बायको अशीच वळायची. डावा खांदा किंचित खाली, मग सगळं अंग. एवढी उंच बाई, पण तिचा कधी कुणाला धक्का लागला नाही.

त्या एवढ्याशा पोरीचा त्याला असा हेवा वाटला, जसा तिच्या आईबापाचाही कधी वाटला नव्हता.

"काय ठरलं?" सरांनी लांबून विचारलं. "येतेय ना?"

"नाही," तो म्हणाला.

फायनल होऊन गेली. काचवाला आता दुकान बंद केलं की गोलच्या मागे जाऊन उभा राहतो. पोरीला गिरकी थोडी थोडी जमायला लागली आहे. लवंगी मात्र ती पापणी लवते न लवते तोच संपवते. "एकदा सावकाश करून दाखव, मला बघायचंय," असं त्याला तिला म्हणायचं आहे. ते अजून म्हणून झालेलं नाही.