डागलेलं टोक

“कात्री आहे का?” कस्टम्सच्या साहेबांनी विचारलं आणि हेमांगीने कात्री पुढे केली.

परदेशातून आलेल्या इलॅस्टिकच्या पट्टीचा नमुना टेबलावर पडला होता. पट्टी मागावर विणलेली असली तर ड्यूटी एक, सुयांवर गुंफलेली असली तर दुसरी. क्लिअरिंग एजंट म्हणून हेमांगीने ‘मागावरची’ असं लिहून सही ठोकली होती. तपासायची तिची रीत साधी होती, टोकाचा धागा ओढायचा. गुंफलेली पट्टी टाक्यामागून टाका उसवत जाते. ही उसवली नव्हती. पण धागे सुटू नयेत म्हणून नमुन्याचं टोक लायटरने डागायचं, हा माल पाठवणाऱ्यांचा शिरस्ता तिला आत्ता आठवला. साहेबांच्या बोटांत तेच काळपट टोक होतं.

साहेबांनी ते कापून टाकलं आणि धागा ओढला. पट्टी सरसर उसवत गेली. हेमांगीच्या डोळ्यांपुढे लायसन्स गेलं, धंदा गेला, बेड्यासुद्धा आल्या.

“खोटं लिहिलंत, मॅडम. हाच माल आधीही आणलाय?”

“गेल्या महिन्यात, साहेब. तुम्हीच पास केलात. टोक न कापताच धागा ओढून पाहिला होतात.”

साहेबांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं, उसवलेले धागे मुठीत गोळा केले. एक धागा मुठीबाहेर लोंबत राहिला.

“मॅडम,” ते अगदी हळू म्हणाले, “लायटर आहे?”