रविवारचं अस्वल

तानाबाई दारात दिसली आणि सुवर्णाच्या हातातलं चहाचं पातेलं हातातच राहिलं. पंधरा दिवस घरात माणसांची रीघ लागली होती. येणाऱ्या प्रत्येकाला अस्वलाची गोष्ट ऐकायची होती आणि प्रत्येकाची तिनं, त्यांना बोलवत नाही हो, असं सांगून चहावर बोळवण केली होती. चहा करून करून तिचे हात भरून आले होते. पण तानाबाईची बोळवण कशी करणार? मेला तो तिचाच पोरगा, गोविंदा. सीताफळं आणायला दोघं मित्र देऊळघाटाकडच्या जंगलात गेले होते, आणि सुवर्णाचा नवरा, प्रसेनजित, एकटाच परत आला होता.

तो खाटेवर पडला होता. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तानाबाईला पाहून उठून बसला. ती खाटेजवळ जमिनीवर बसली, पदर सारखा केला आणि इकडचं तिकडचं काही न विचारता सरळ म्हणाली, "माह्या पोरानं काय केलं रे तवा? कोणीच सांगत नाही मले."

सुवर्णानं पातेलं खाली ठेवलं. खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी भिंतीकडं तोंड करून नवऱ्यानं सांगितलं होतं. घाणेरीच्या झुडपातनं अस्वल निघालं ते थेट गोविंदावर. पायात चप्पल घालायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. गोविंदानं एकदाच 'प्रसेन' म्हणून हाक मारली, आणि प्रसेन पळाला. हात मोडला तो अस्वलानं नव्हे, पळताना दरडीवरून पडून. लोकांनी आपलं आपणच अस्वलाचं नाव घेतलं आणि यानं नाही म्हटलं नाही.

हे त्या आईला सांगायचं? आणि सांगितलं तर समोरासमोरच्या घरांत जन्म कसा काढायचा? सुवर्णाला वाटलं, ह्या माणसानं डोळे मिटून पडून राहावं, बाकीचं मी बघते. पण प्रसेनजित बोलायला लागला.

"भेला नाही तो, मावशी. मले म्हणे, तू मांगं हो. अंगातला शर्ट काढला अन् डाव्या हाताले गुंडाळला."

शर्ट म्हटल्याबरोबर सुवर्णाला कळलं. हा तर रविवारचा पिक्चर.

दर रविवारी दुपारी एका चॅनलवर जंगलाचे जुनेपुराणे, फडतूस पिक्चर लागायचे आणि अर्धी गल्ली ह्याच खोलीत जमायची. अस्वल म्हणजे केसाळ गोधडी पांघरलेला माणूस. पडला की पायातले पांढरे बूट दिसायचे. मगर रबराची, आणि झाड तेच ते दहा वेळा. सगळ्यांना सगळं कळायचं, तरी उठायचं कोणी नाही. मागं पाह्य बे, म्हणून हिरोला ओरडून सांगायचे, सगळ्यात मोठ्यानं गोविंदा. सुवर्णाला ह्या बाप्यांचं हसू यायचं, पण मारामारी सुरू झाली की तीही तव्यावरची भाकरी सोडून दारात येऊन उभी राहायची. त्या जंगलात कसलीच घाई नसायची. अस्वल आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हिरोला निवांत शर्ट काढू द्यायचं. आठवडाभर दुसऱ्याच्या वावरात राबलेल्या माणसांना ते बघून बरं वाटायचं.

आता तेच अस्वल प्रसेनजित त्या आईपुढं उभं करत होता. गोविंदानं शर्टाचा हात अस्वलाच्या जबड्यात घातला, दुसऱ्या हातानं नाकावर दगड हाणला. अस्वल पडलं, उठलं. त्यानं पुन्हा हाणला. सांगता सांगता प्रसेनजितचा आवाज पक्का होत गेला, धड हातानं तो दगड मारून दाखवू लागला. सुवर्णाला त्याचा राग आला आणि रागाहून जास्त कीव आली. ते बूट तेवढे सांगू नका म्हणजे झालं, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

मग तो अडला. पिक्चरमध्ये अस्वल तिथंच मरतं आणि हिरो धडधाकट घरी जातो. इथून पुढं गोविंदाला मारायचं कसं, ते काही त्याला सुचेना. वर उचललेला हात तसाच राहिला.

तानाबाई जमिनीकडं पाहत होती.

"मंग तो हासते ना तिथं," ती म्हणाली. "कमरेवर हात ठेवून."

प्रसेनजितचा हात खाली आला. पिक्चरमधला हिरो अस्वल मारल्यावर असाच हसायचा, आणि रविवारी तीही असायचीच की, उंबऱ्याजवळ बसलेली. म्हणजे शर्ट काढला तेव्हापासूनच म्हातारीनं सगळं ओळखलं होतं. आता ही छाती बडवून घेईल, सगळी गल्ली गोळा करील, आणि केली तरी तिचं काही चुकणार नाही, असं सुवर्णाला वाटलं.

"मावशी, मी..." प्रसेनजित म्हणाला.

"गोविंदा हासला का?"

त्याला रडू कोसळलं. रडतच तो म्हणाला, "हाव. हासला."

तानाबाईनं मान हलवली. पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीला पाठ टेकून नीट बसली.

"आता पयलेपासून सांग," ती म्हणाली. "हळूहळू सांग."