पहिल्या ओळीपासून

“बस. पहिल्या ओळीपासून सांग,” उकिडवे सर म्हणाले.

कंपनीत जावाच्या प्रोग्राममध्ये कुणाचंही घोडं अडलं की तो लॅपटॉप घेऊन सरांसमोरच्या खुर्चीत येऊन बसायचा. सर चुका शोधणाऱ्या डीबगरला हातही लावायचे नाहीत. प्रत्येक ओळ काय करते ते मोठ्याने सांगायला लावायचे आणि अधूनमधून “का?” एवढंच विचारायचे. सांगता सांगता त्यालाच आपली चूक, आपला बग दिसायचा. “सापडलं, सर!” म्हणत माणूस पळायचा; आभार मानण्याइतका वेळ कुणाकडे नसायचा.

आज त्या खुर्चीत मॅनेजर प्रणोती होती, लॅपटॉपशिवाय. तीही याच खुर्चीत बसून शिकलेली.

“सर, नोकरकपातीत तुमचं नाव द्यायचं ठरवलंय मी.”

सरांचा चष्मा पुसणारा हात थांबला. “का?”

“वर्षभरात तुम्ही एकही बग सोडवलेला नाही.”

“का?”

“कारण ज्याचा बग तोच सोडवतो. म्हणजे, इथे येऊन बसतो, तुम्हाला सांगतो, आणि...”

प्रणोतीची नजर आपण बसलेल्या खुर्चीकडे गेली.

“सापडलं, सर,” ती खालच्या आवाजात म्हणाली.

“मग जा, दुरुस्त कर.”

ती दारापर्यंत गेली आणि आभार मानायला परत आली.