पुसलेली संध्याकाळ

बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर स्वच्छ करायला पहिलंच चित्र तिच्याकडे आलं ते संग्रहालयातलं सर्वांचं लाडकं इम्प्रेशनिस्ट निसर्गचित्र, ‘नदीवरची संध्याकाळ’. तिने द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा आभाळावर फिरवला आणि मावळतीचं सोनेरी ऊनच बोळ्यावर उतरलं. ती ओरडली, “सर, रंग निघाला! माझ्या हातून चित्र गेलं!” म्हातारे सर धावत आले, भिंग लावून वाकले आणि खो-खो हसत सुटले. “बाळाने रात्रभर झोपू दिलेलं दिसत नाही! अगं वेडे, हे नंतर कुणीतरी फासलेलं व्हार्निश, पिवळं पडलेलं. खाली बघ!” खाली निळसर धुकं होतं, पाण्यावर कोवळा गुलाबी उजेड. “अय्या, सकाळ!” “आणि पायवाटेवरची ही लेकुरवाळी,” सर डोळे पुसत म्हणाले, “इतकी वर्षं आपल्याला वाटायचं बिचारी दमून घरी चाललीय. ही तर आत्ता कुठे निघालीय!”