ॲपलचा आठवडा

"शनिवारी पालकांसमोर ती बोलली नाही, तर दिवाळीनंतर हर्षालीचं नाव काढून टाकू," मॅडम म्हणाल्या आणि सफरचंदांची जड पिशवी त्यांनी संध्याच्या हातात दिली.

संध्याने ती मुकाट्याने घेतली. अजून पोरं यायची होती आणि तिचे खांदे आताच भरून आले होते.

नाशिक रोडला मॅडमच्या बंगल्यात, खालच्या मजल्यावर ही बालवाडी भरायची. इंग्लिश मीडियम. मुंबईच्या कुठल्याशा शिबिरातून मॅडम नवं खूळ घेऊन आल्या होत्या. आठवडाभर एकच फळ, आणि सगळं मुलांनी हाताने करून शिकायचं. आता नाशकात राहायचं, बाजारात द्राक्षांचे ढीग बघायचे, पण शिकवायचं काय, तर ॲपल! असो. मॅडमपुढे कोण बोलणार?

सोमवारी डोळे मिटून वास घ्यायचा होता. महेशने वास घेतला आणि काळजीने विचारलं, "टीचर, कोण आजारी आहे?" त्याच्या घरी सफरचंद यायचं ते कुणी दवाखान्यात असलं तरच. संध्याला हसू आलं. आठवड्यातलं तेवढंच.

मग टबात सफरचंद तरंगतं की बुडतं ते बघून झालं. अर्धी फोड रंगात बुडवून कागदावर ठसे उठवून झाले. कागदावर कमी, फरशीवर आणि भिंतीवर जास्त. आया गावाला गेलेली, त्यामुळे फरशी पुसायची संध्यानेच. पुसता पुसता तिला वाटायचं, इथेच आडवं व्हावं.

हर्षाली सगळं करायची. वास घ्यायची, ठसे मारायची, बिया ओळीने मांडायची. बोलायची तेवढी नाही. जूनपासून पोरीने जी मिठाची गुळणी धरली होती, ती काही सुटत नव्हती. तिच्या वेणीची रिबीन सुटली की संध्या दुसऱ्याच कुणाशी बोलता बोलता ती बांधून टाकायची.

पोरीला आणायला-सोडायला भागुबाई नावाची शेजारीण यायची. बुधवारी मॅडमनी तिला दारातच धरलं.

"घरी तरी बोलते का हो ही?"

"लय बोलती. झोपंतबी बडबडती."

"आईवडिलांना एकदा भेटायला पाठवा."

"बाप नाय हो तिला. अन् आई कामाला जाती." भागुबाईने पदर सारखा केला. "तिला कुठली सुट्टी मिळायला?"

"कमाल आहे! पोटच्या पोरीसाठी तासभर निघत नाही?"

संध्या आत बिया गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.

गुरुवारी सगळी पोरं डब्यात गुंतली, तेव्हा ती हर्षालीजवळ जाऊन बसली. "नुसतं ॲपल म्हण," ती हळूच म्हणाली. "एकदाच. बाकी काही नको. नाहीतर मॅडम तुला घेणार नाहीत गं, मग कुठे बसशील दिवसभर?"

हर्षालीने ओठ घट्ट मिटले आणि जोरजोरात मान हलवली. संध्याला तिचा राग आला. मग स्वतःचाच आला. एवढ्याशा जिवाला काय काय सांगायचं माणसाने!

शुक्रवारी मॅडमनी भिंतीवरचे डाग पाहिले, पण ओरडल्या नाहीत. "दमलीस ना? तरी तुझं बरं आहे, सडीफटिंग आहेस," त्या म्हणाल्या. "त्या सविता टीचरचं पाहिलंस ना? पोराला गोवर आला की हिची रजा, खोकला झाला की हिची रजा. तेव्हाच ठरवलं, लेकुरवाळी बाई ठेवायची नाही. दुसऱ्याच दिवशी घरी पाठवली तिला."

"हो मॅडम," संध्या म्हणाली आणि भिंत घासत राहिली.

शनिवारी पालक पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर अवघडून बसले. मॅडमनी हर्षालीला मुद्दाम पुढे उभं केलं. "सांग बेटा, हे काय आहे?" हर्षाली गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. एका बाईने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी संध्याला पुढचं दाखवायची खूण केली.

पुढचं म्हणजे सफरचंद आडवं कापून आतली चांदणी दाखवायची. रात्री कागदी सफरचंदं कापून कापून संध्याच्या बोटांत जीव उरला नव्हता. सुरी सालीवरून सटकली आणि सरळ बोटात गेली.

पांढऱ्या फोडीवर रक्त सांडलं. "अगं बाई!" कुणीतरी ओरडलं. संध्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बोट दुखतच होतं, पण खरं तर आठवडाभराचा शीण होता तो. तिला तो आवरेना.

हर्षाली टेबलाला वळसा घालून धावत आली. तिने संध्याचं बोट दोन्ही हातांत धरलं, त्यावर फुंकर घातली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "खूप लागलं का गं तुला?"

आधी मॅडमनीच टाळ्या वाजवल्या. "बोलली! बघा, बोलली!" सगळ्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. संध्या रडता रडता हसली. सुटलो बाई एकदाचे, राहिली पोर शाळेत, असं तिला वाटलं.

मॅडम हर्षालीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "शाब्बास गं माझी राणी! आता मोठ्याने सांग सगळ्यांना. टीचरच्या हातात काय आहे?"

हर्षालीने मॅडमकडे पाहिलं, मग मान वर करून संध्याकडे.

"आई, सांगू?" तिने विचारलं, आणि लगेच दोन्ही हात तोंडावर दाबले. "चुकलं. शाळेत तुला टीचर म्हणायचं ना?"