आशाबाईंचा पहिला बर्गर

बर्गर कुठून चावावा ते आशाबाईंना कळेना. चार बोटं उंच तो ऐवज ताटलीत ऐटीत बसला होता. शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजच्या मुली भलामोठा आ करून खात होत्या. आशाबाईंनी तेवढा आ दातांच्या डॉक्टरासमोरही कधी केला नव्हता. शेवटी त्यांनी तळहाताने तो चांगला दाबला आणि कड पकडली.

परतवाड्याहून सकाळच्या बसने त्या खास या बर्गरसाठी अमरावतीला आल्या होत्या. हौस म्हणून नाही, राग म्हणून.

परतवाड्याच्या मुलींच्या वसतिगृहात त्या तेवीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. दरवर्षी वर्धापनदिनाला त्यांच्या हातचं पुरण असायचं. यंदा मुलींनी बर्गर मागितला. कबड्डीच्या सामन्यांसाठी त्या अमरावतीला गेल्या होत्या, तिथे बस स्टँडजवळच्या एका दुकानात त्यांनी तो खाल्ला, आणि तेव्हापासून दुसरा विषय नव्हता. सातवीतली खुशी तर झोपेतही तोच मागते म्हणे. गृहपाल सीमाताईंनी जपून विचारलं, की त्या दिवशी बर्गर बाहेरूनच मागवले तर कसं, तुम्हालाही तेवढाच आराम. तो ‘आराम’ आशाबाईंच्या फार जिव्हारी लागला. आपल्या हाताची चव गेली, असं त्यांच्या मनाने घेतलं. अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारा मुलगा नितेश दोन वर्षांपासून बोलावतच होता. आता जावं. पण जाण्याआधी, आपल्या पुरणाला ज्याने हरवलं तो पदार्थ एकदा बघून घ्यावा.

म्हणजे नावं ठेवायची सगळी तयारी करूनच त्या बसल्या होत्या. पाव बरा होता. कोबी कच्चा होता. असला कोबी त्यांनी मुलींच्या पानात कधी वाढला नसता. मग दाताखाली आतला वडा आला.

आशाबाई चावता चावता थांबल्या. दुसरा घास घेतला. मग सरळ पाव उघडला, वड्याचा तुकडा मोडला, बोटांत चुरला आणि नाकाशी नेला. वडा बरबटीचा, म्हणजे चवळीचा होता, आणि त्यात भाजून जाडसर कुटलेला जवस होता. बरबटीच्या वड्यात जवस अख्ख्या वऱ्हाडात कोणी घालत नाही. एक आशाबाई घालायच्या. तळण कमी करा असं वरून पत्र आलं, तेव्हापासून वसतिगृहात वडेच बंद झाले होते. आताच्या मुलींनी ते पाहिलेही नव्हते.

त्या उठल्या आणि कोणाला न विचारता आतल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कढईपाशी तिशीची एक बाई वडे तळत होती.

“बरबटीच्या वड्यात जवस टाकाले तुले कोनं शिकवलं व?”

बाई वळली. मग तिने झारा ठेवला, गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच आशाबाईंच्या पाया पडली. तिने आपलं नाव सांगितलं, पौर्णिमा, आणि कोणत्या साली वसतिगृहात पाचवीला आली होती तेही सांगितलं. आशाबाईंना दोन घट्ट वेण्या तेवढ्या आठवल्या. शेकडो मुली हाताखालून गेलेल्या.

पौर्णिमाने त्यांना आतच स्टुलावर बसवलं आणि वडे तळत सगळं सांगितलं. दुकान टाकलं तेव्हा ती सगळ्यांसारखा बटाट्याचाच बर्गर करायची. एकदा आलेलं गिऱ्हाईक परत येईना. मग लहानपणीची चव आठवून तिने बरबटी भिजत घातली. तीन महिने ती चव काही जमेना. एके दिवशी शेजारणीने चटणीसाठी जवस भाजायला घेतला, त्याचा वास भिंतीपलीकडून आला, आणि वडा जमला. आता बडनेऱ्याहूनही लोक येत होते. वसतिगृहाच्या मुली आल्या तेव्हा त्यांना ती दुसरा बर्गर आग्रहाने वाढत होती; मावशी अजून तिथेच आहेत हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

आशाबाई हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. वर्धापनदिनाचं तिथेच ठरलं. पौर्णिमा दुकान बंद ठेवून पाव घेऊन परतवाड्याला येणार, वडे आशाबाई तळणार, आणि त्या पत्राचं काय करायचं ते सीमाताई बघून घेणार. नितेशला काय कळवायचं तेही ठरलं: दिवाळीला चार दिवस येईन, जास्त नाही.

निघताना आशाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“वडा माहा असन, पोरी. पन त्याले पावात भरून बर्गर कराचं डोकं तं तुहंच ना.”

पौर्णिमाने मान हलवली.

“नाई, मावशी. मी नवीन आली तवा घरी जाचं म्हनून फाटक धरून बसली होती. चार दिवस जेवली नोती. तुमी गरम वडा अर्ध्या भाकरीत दाबला, त्याले ठेचा लावला, माह्या हातात देल्ला अन् म्हनल्या, इथंच बसून खा. पयला बर्गर म्या तोच खाल्ला. त्याचं नाव तेवढं मले अमरावतीत आल्यावर समजलं.”