रोज दुपारी तीनला

“सेटिंग आपोआपवर ठेवलंय, मॅडम,” मेकॅनिक यूपीएसच्या मागे बोट दाखवत म्हणाला. “हे मॅनेजमेंट कार्ड नेटवर्कचा पत्ता राउटरकडून स्वतःच मागून घेतं. तुम्हाला काही भरायला नको. राउटरही यूपीएसवरच जोडलाय, म्हणून वीज गेली की मेसेज थेट तुमच्या मोबाइलवर.”

आई पलंगावरून ऐकत होती. तिचं ऑक्सिजनचं मशीन त्या यूपीएसवर चालायचं. ऑफिसात लेकीचा जीव टांगणीला लागायचा, म्हणून हा सगळा खटाटोप.

चौथ्या दिवशी दुपारी तीनला मेसेज आला: वीज गेली. लेकीने धडपडत घरी फोन लावला.

“मशीन चालू आहे गं,” आई म्हणाली. “जेवलीस का तू?”

पाच-सात मिनिटं बोलणं झालं. फोन ठेवला आणि लगेच वीज आल्याचा मेसेज आला.

मग रोजच तीनला वीज जायला लागली आणि रोजच ती घरी फोन करू लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “छे! आमचा टीव्ही चालू होता की.”

तिने मेकॅनिकला गाठलं. “कार्ड बिघडलंय का? शेजारी तर वीज असते.”

“कार्ड बरोबर सांगतंय. वीज खरंच गेली असती तर शेजारचीही गेली असती. यूपीएसचं भिंतीवरचं बटण कोणीतरी बंद करतंय, मॅडम.”

दिवसभर घरात असायच्या दोघीच. आजारी आई आणि तिला सांभाळणाऱ्या मावशी.

संध्याकाळी तिने सरळ विचारलं, “मावशी, तीन वाजता बटण कोण बंद करतं?”

मावशींनी आईकडे पाहिलं. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

“मी नाही, ताई.”

“मग काय भूत करतं?”

मावशी पुन्हा आईकडे बघू लागल्या.

“माझ्या आईच्या जिवाशी खेळ नको. उद्यापासून येऊ नका.”

मावशींनी आईच्या पायांवरची चादर सारखी केली आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी लेकीने रजा टाकली. नवी बाई चारला येणार होती. तीनच्या सुमाराला औषध आणायला ती बाहेरून कुलूप लावून खाली उतरली. दुकानात पोचते तोच मोबाइल थरथरला.

वीज गेली.

ती जिने चढत धावली. कुलूप जसंच्या तसं होतं. तिने दार उघडलं.

पलंगाच्या कडेला आई रेलून बसली होती. एक हात भिंतीवरच्या बटणावर, दुसऱ्या हातात फोन.

“आज वाजलाच नाही गं,” ती म्हणाली.